राइडचा बुटका बोगदा

३ जानेवारी २०२१ रोजी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यालगतच्या आइल ऑफ वाइट या बेटावर आगगाड्यांची एक पिढी निवृत्त झाली. त्या दिवशी धावलेले डबे १९३८ सालच्या बांधणीचे होते आणि ते बेटासाठी बांधलेलेच नव्हते. ते लंडनच्या भुयारी रेल्वेसाठी, जमिनीखालच्या नळीसारख्या बोगद्यांतून धावण्यासाठी तयार झाले होते. उमेदीची पन्नास वर्षे त्यांनी राजधानीच्या पोटात काढली आणि उरलेली तीसहून अधिक वर्षे समुद्रातल्या धक्क्यावर, खाऱ्या वाऱ्यात. ब्रिटनच्या राष्ट्रीय रेल्वेमार्गांवर रोजची प्रवासी वाहतूक करणाऱ्या गाड्यांत त्या सर्वांत जुन्या होत्या. त्यांच्या जागी ज्या गाड्या आल्या, त्याही लंडनच्याच भुयारी रेल्वेने काढून टाकलेल्या होत्या आणि त्यांच्याआधी बेटावर जे डबे चालले, तेही तिथलेच होते. म्हणजे राजधानीने टाकलेल्या गाड्यांच्या तीन पिढ्यांवर या छोट्या रेल्वेने अर्धशतकाहून अधिक काळ काढला.

हे गरिबीमुळे घडले का? काही अंशी हो. पण नुसती काटकसर हे त्याचे उत्तर नाही. या इतिहासाच्या मुळाशी एक बुटका बोगदा आहे, समुद्राची ओहोटी आहे आणि रेल्वे बंद होऊ नये म्हणून उभे राहिलेले बेटावरचे लोक आहेत. आपल्याकडे मिरजेहून पंढरपूर, कुर्डुवाडीकडे जाणारी नॅरोगेज गाडी पाहिलेले पुष्कळ लोक हयात आहेत. तासगावच्या शेजारी, कवठेमहांकाळच्या माळावरून ती धावत असे. ती गाडी गेली आणि बेटावरची राहिली. असे का झाले, हे समजून घ्यायचे तर बेटाची गोष्ट सुरुवातीपासून सांगायला हवी.

ओहोटी, धक्का आणि बोगदा

आइल ऑफ वाइटचे क्षेत्रफळ सुमारे ३८० चौरस किलोमीटर. मुख्य भूमीपासून त्याला सोलंट नावाची सामुद्रधुनी वेगळे करते. पोर्टस्मथहून बोटीने आले की बेटाच्या उत्तर किनाऱ्यावरचे राइड हे गाव लागते. राइडचा किनारा अगदी उथळ आहे. ओहोटीला पाणी दूरवर मागे जाते आणि मधे नुसती वाळू आणि चिखल उरतो. त्या काळी बोटीतून उतरलेल्या प्रवाशांना माणसांच्या पाठीवर बसून नाहीतर गाडीतून हा चिखल पार करावा लागे. यावर उपाय म्हणून १८१४ साली समुद्रात लाकडी धक्का बांधला गेला. पुढे तो वाढत वाढत सुमारे ६८० मीटर लांब झाला.

बेटावरची पहिली रेल्वे १८६२ साली काउझ ते न्यूपोर्ट धावली. १८६४ च्या ऑगस्टमध्ये राइड ते शँक्लिन मार्ग सुरू झाला आणि १८६६ मध्ये तो दक्षिण टोकाच्या व्हेंटनरपर्यंत गेला. मात्र या मार्गाचे राइडचे स्टेशन, सेंट जॉन्स रोड, गावाच्या आतल्या बाजूला होते. धक्क्यावर उतरलेला प्रवासी आणि ही आगगाडी यांच्यात अख्खे गाव आडवे येत होते. मधले अंतर कापायला घोड्यांच्या ट्राम होत्या. सामान ट्रामवर चढवायचे, पुन्हा उतरवायचे आणि मग गाडीत भरायचे, अशी कसरत प्रवाशांना करावी लागे.

ही अडचण मुख्य भूमीवरच्या दोन मोठ्या रेल्वे कंपन्यांनी मिळून दूर केली. त्यांचे प्रवासी पोर्टस्मथहून बेटावर जात, त्यामुळे फायदा त्यांचाही होता. त्यांनी जुन्या धक्क्याला लागून रेल्वेचा वेगळा धक्का बांधला आणि गावाखालून सुमारे ३६० मीटरांचा बोगदा काढला. १८८० च्या जुलैमध्ये गाडी थेट समुद्रातल्या धक्क्याच्या टोकापर्यंत जाऊ लागली. बोटीतून उतरायचे ते गाडीतच बसायचे, अशी सोय झाली.

पण बोगद्याला खोली देता आली नाही. खाली समुद्राच्या भरतीची पातळी, वर गावातले रस्ते, यांच्या बेचक्यात तो बसवायचा होता. त्यामुळे तो बुटका झाला आणि पाणी शिरण्याचा दोष त्याला जन्मापासून लागला. मुख्य भूमीवरची नेहमीच्या उंचीची इंजिने आणि डबे त्यातून जाणे शक्य नव्हते. पुढच्या शंभर-सव्वाशे वर्षांत या रेल्वेविषयी घेतलेल्या प्रत्येक निर्णयावर या बोगद्याच्या उंचीची मर्यादा पडली.

जुन्या मालाची जुनी परंपरा

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या छोट्या बेटावर सुमारे ९० किलोमीटरचे रूळ पसरले होते आणि त्यासाठी वेगवेगळ्या कंपन्या एकमेकींशी झगडत होत्या. उन्हाळ्याच्या दोन-तीन महिन्यांत मुंग्यांसारखी गर्दी आणि बाकी वर्षभर रिकामे डबे, हे त्यांचे अर्थकारण. अशा धंद्यात नवी गाडी घेणे परवडत नाही. मुख्य भूमीवरच्या कंपन्यांनी वापरून सोडलेली इंजिने आणि डबे विकत घेण्याची पद्धत त्याच काळात पडली.

१९२३ साली ब्रिटनमधल्या बहुतेक साऱ्या रेल्वे कंपन्या चार मोठ्या कंपन्यांत विलीन झाल्या. बेटावरचे मार्ग सदर्न रेल्वेकडे आले. नव्या मालकाने बेटाकडे दुर्लक्ष केले नाही, पण नवी गाडीही दिली नाही. त्याने लंडनच्या उपनगरांत वापरलेली, १८८९ पासून बांधलेली ओ-टू वर्गाची छोटी टाकीवाली इंजिने पाठवायला सुरुवात केली. बोगद्यातून ती जात होती आणि कोळशाची जागा वाढवली की बेटावरचे काम झेपत होते. १९४९ पर्यंत अशी २३ इंजिने बेटावर आली. प्रत्येकाला बेटावरच्या गावाचे नाव मिळाले: शँक्लिन, व्हेंटनर, कॅलबोर्न. डबेही मुख्य भूमीवरच्या जुन्या कंपन्यांचेच होते.

राइडच्या कारखान्यातल्या कारागिरांच्या हाताला त्यामुळे एक वेगळे वळण लागले. सुटे भाग बाजारात मिळत नाहीत, ते घडवायचे, एका डब्याचे दुसऱ्याला लावायचे, समुद्राच्या हवेने गंजलेला पत्रा कापून नवा बसवायचा, हे त्यांचे रोजचे काम झाले. पुढे लंडनच्या विजेच्या गाड्या आल्या तेव्हा त्या अशा कारागिरांच्या हाती पडल्या, हे लक्षात ठेवायला हवे.

बीचिंग यांची कुऱ्हाड

दुसऱ्या महायुद्धानंतर मोटारी आणि बस वाढल्या. १९४८ मध्ये रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाले आणि तोट्यातल्या शाखा एकेक करून बंद होऊ लागल्या. बेटावर १९५२ ते १९५६ या चार वर्षांत व्हेंटनर वेस्ट, फ्रेशवॉटर, बेंब्रिज आणि सँडाउन–न्यूपोर्ट या शाखा गेल्या. उरले दोनच मार्ग: राइडहून न्यूपोर्टमार्गे काउझ आणि राइडहून शँक्लिनमार्गे व्हेंटनर.

१९६३ च्या मार्चमध्ये ब्रिटिश रेल्वेचे अध्यक्ष रिचर्ड बीचिंग यांचा प्रसिद्ध अहवाल आला. देशभरातले सुमारे ८,००० किलोमीटरचे मार्ग आणि २,३०० हून अधिक स्टेशने बंद करावीत, असे त्यात म्हटले होते. आइल ऑफ वाइटवरची सगळी रेल्वे बंद होणाऱ्या यादीत होती. हिशेब साधा होता. वर्षभराचा खर्च एका बाजूला, उत्पन्न दुसऱ्या बाजूला आणि खालची ओळ लाल.

बेटावरच्या लोकांनी या हिशेबाला आव्हान दिले. त्यांचा मुद्दा भावनेचा नव्हता, व्यवहाराचा होता. उन्हाळ्यात शनिवारी बोटीमागून बोट राइडच्या धक्क्याला लागते आणि हजारो माणसे उतरतात. सँडाउन आणि शँक्लिनच्या किनाऱ्यांवरची हॉटेले आणि घरगुती खानावळी याच माणसांवर चालतात. या गर्दीला बसमध्ये भरून अरुंद रस्त्यांवरून न्यायचे ठरवले तर रस्तेच तुंबतील. शिवाय धक्क्याच्या टोकापासून गावापर्यंत सामान घेऊन येणार कसे? प्रवाशांच्या हरकतींची रीतसर सुनावणी झाली आणि मार्ग बंद झाल्यास लोकांचे हाल होतील, हे तिथे मांडले गेले.

१९६५ साली सरकारने अर्धा निर्णय मान्य केला आणि अर्धा फिरवला. राइड ते शँक्लिन हा साडेतेरा किलोमीटरांहून थोडा अधिक लांबीचा पट्टा राहील आणि बाकी सारे जाईल, असे ठरले. काउझचा मार्ग २१ फेब्रुवारी १९६६ पासून बंद झाला आणि शँक्लिनपुढचा व्हेंटनरचा तुकडा १८ एप्रिल १९६६ पासून. व्हेंटनरला जाणारा मार्ग टेकडीखालच्या १,२०० मीटर लांब बोगद्यातून जात असे आणि त्या गावाचे पर्यटन रेल्वेवर उभे होते. त्या गावाला बसलेला हा फटका मोठा होता. बेटावरचा लढा जिंकला असे म्हणताना व्हेंटनरच्या लोकांचा विसर पडता कामा नये.

लंडनचे डबे का?

वाचलेल्या मार्गावर काय चालवायचे, हा पुढचा प्रश्न. ओ-टू इंजिने सत्तरीच्या घरात गेली होती आणि डबेही जुने झाले होते. मुख्य भूमीवरची अलीकडच्या बांधणीची वाफेची इंजिने कापूनछाटून आणता येतील का, याचाही विचार झाला होता, पण तोवर ब्रिटिश रेल्वेने वाफेलाच निरोप द्यायचे ठरवले होते. डिझेलच्या नेहमीच्या गाड्या बोगद्यात बसत नव्हत्या. केवळ साडेतेरा किलोमीटरांसाठी खास मापाची नवी गाडी आखून बांधणे म्हणजे बीचिंग यांच्या हिशेबाला पुन्हा आमंत्रण.

त्याच वेळी लंडनच्या भुयारी रेल्वेच्या ताफ्यातून १९२३ ते १९३४ या काळात बांधलेले ‘स्टँडर्ड स्टॉक’ या नावाने ओळखले जाणारे डबे निघत होते. ते नळीसारख्या खोल बोगद्यांसाठी बांधलेले, म्हणजे उंचीला तीन मीटरांपेक्षाही कमी. राइडच्या बोगद्यातून ते सहज जाणार होते. इतकेच नव्हे, त्यांच्यामुळे बोगद्याचा दुसरा आजारही बरा करता आला. पाण्याचा त्रास कमी व्हावा म्हणून बोगद्यातला रूळ सुमारे २५ सेंटीमीटरने वर उचलला गेला. बोगदा अधिकच बुटका झाला, पण ठेंगण्या गाडीला त्याची फिकीर नव्हती.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. लंडनची भुयारी रेल्वे आणि ब्रिटनची मुख्य रेल्वे यांच्या रुळांतले अंतर एकच आहे, १,४३५ मिलिमीटर. त्यामुळे डब्याची चाके बदलावी लागली नाहीत. फरक होता तो वीजपुरवठ्यात. लंडनमध्ये चार रुळांची पद्धत आहे. गाडी दोन रुळांवर चालते, तिसऱ्या रुळातून वीज घेते आणि मधल्या चौथ्या रुळातून परत पाठवते. बेटावर चौथा रूळ टाकण्याचा खर्च वाचवायचा होता. म्हणून डब्यांतली जोडणी बदलून वीज परत जाण्याचा मार्ग गाडी ज्यावर चालते त्याच रुळांतून काढला. इंग्लंडच्या दक्षिणेतल्या विजेच्या गाड्या याच पद्धतीने चालतात.

ब्रिटिश रेल्वेने असे ४३ डबे घेतले. दुरुस्ती आणि रंगकाम होऊन ते रस्त्याने बंदरावर आणि तिथून बोटीने बेटावर आले. ३१ डिसेंबर १९६६ रोजी बेटावरची वाफेची शेवटची गाडी धावली. मग मार्ग बंद ठेवून तिसरा रूळ टाकला गेला, धक्क्याची डागडुजी झाली, फलाटांची उंची ठेंगण्या डब्यांशी जुळवली गेली. २० मार्च १९६७ रोजी विजेची गाडी सुरू झाली. त्या दिवशी सर्वांत नवा डबा ३३ वर्षांचा होता आणि सर्वांत जुना ४४.

उन्हाळ्यात चार डब्यांची एक आणि तीन डब्यांची एक अशा दोन गाड्या जोडून सात डब्यांची लांब गाडी धावत असे. ज्या डब्यांनी लंडनमध्ये बोगद्यांचा काळोख पाहिला होता, त्यांच्या खिडक्यांतून आता समुद्र, कुरणे आणि गव्हाची शेते दिसू लागली.

दुसरी पिढी

हा तात्पुरता उपाय आहे, काही वर्षांत काहीतरी कायमचे होईल, अशी तेव्हाची समजूत असावी. प्रत्यक्षात स्टँडर्ड डबे बेटावर वीस वर्षांहून अधिक काळ चालले. या काळात इंग्रज माणसाची सुट्टीच बदलली. स्वस्त विमानप्रवासामुळे स्पेनचे ऊन त्याच्या आवाक्यात आले आणि सँडाउन–शँक्लिनची गर्दी ओसरली. सात डब्यांची गाडी भरेना. गाड्यांची लांबी कमी झाली. १९८७ मध्ये लेक हे नवे स्टेशन उघडले, पण १९८८ मध्ये ब्रेडिंगला गाड्या एकमेकींना ओलांडत तो जोडरूळ काढून टाकला गेला. काटकसरीचा हा निर्णय महागात पडला. एकेरी मार्गावर गाड्यांची सांगड बिघडली आणि वेळापत्रकात एकदा २० मिनिटांचे, एकदा ४० मिनिटांचे अंतर पडू लागले. बोटीची वेळ आणि गाडीची वेळ जुळेना.

१९८९ च्या जुलैमध्ये दुसरी पिढी आली. लंडनच्या नॉर्दर्न, पिकॅडिली आणि बेकरलू या मार्गांवर धावलेले १९३८ सालच्या बांधणीचे डबे. आपल्या काळात ही गाडी मोठी प्रगती मानली गेली होती, कारण तिची सारी विद्युत यंत्रे डब्याच्या तळाशी बसवली होती आणि त्यामुळे आतली जागा प्रवाशांना मिळाली. लंडनमधून ती १९८८ मध्ये निवृत्त झाली होती. ईस्टलीच्या कारखान्यात दुरुस्त होऊन दोन-दोन डब्यांच्या नऊ गाड्या बेटावर सेवेत आल्या. पहिल्या पिढीतले पाच डबे लंडनला संग्रहासाठी परत गेले. बेटावर चालत राहिले म्हणूनच ते जपायला शिल्लक होते.

१९९६ मध्ये ब्रिटनची रेल्वे खासगी कंपन्यांकडे सोपवली गेली तेव्हा बेटाचा मार्ग ‘आयलंड लाइन’ या नावाने वेगळ्या ठेकेदारीत गेला. देशात इतर ठिकाणी रूळ एकाकडे आणि गाड्या दुसऱ्याकडे, अशी फाळणी झाली होती. इथे मात्र गाड्यांची आणि रुळांची देखभाल एकाच हाती राहिली. ज्या माणसाला डब्याचा हादरा ठाऊक, त्यालाच रुळाचा दोष ठाऊक. अशा छोट्या मार्गाला ही व्यवस्था सोयीची ठरली.

पण लोखंडालाही मर्यादा असते. खारी हवा पत्र्याला खात होती. जुन्या रुळांवर ठेंगणे डबे इतके हादरत की उभ्या प्रवाशाला तोल सावरणे कठीण होई. सुटे भाग मिळवायला एक गाडी मोडायची आणि दुसरी चालवायची, असे करता करता २०१९–२० पर्यंत चालत्या स्थितीतल्या गाड्या बोटावर मोजण्याइतक्या उरल्या. एखादी बिघडली की अर्ध्या फेऱ्या रद्द. रूळ उखडून ट्राम चालवावी, असाही पर्याय या वर्षांत पुढे आला होता.

तिसरी पिढी आणि एक भारतीय धागा

२०१९ च्या सप्टेंबरमध्ये २६ दशलक्ष पौंडांची योजना जाहीर झाली. तिच्यात पुन्हा जुन्याच गाड्या होत्या, पण या वेळी जुन्याचा अर्थ वेगळा होता. लंडनच्या डिस्ट्रिक्ट लाइनवर १९८० पासून २०१७ पर्यंत धावलेल्या गाड्यांचे सांगाडे ॲल्युमिनियमचे असल्याने गंजलेले नव्हते. व्हिव्हारेल नावाच्या कंपनीने ते मोठ्या संख्येने विकत घेतले. सांगाडा ठेवायचा आणि आतली यंत्रणा, मोटारी, आसने, वायरिंग सारे नवे घालायचे, असा तिचा विचार होता. दोन डब्यांच्या पाच गाड्या बेटासाठी तयार झाल्या. डिस्ट्रिक्ट लाइन नळीसारख्या खोल बोगद्यांतून जात नाही, त्यामुळे ही गाडी आधीच्या दोन्ही पिढ्यांपेक्षा मोठी, तरी मुख्य भूमीवरच्या गाडीपेक्षा लहान. ती बसावी म्हणून रूळ आणि फलाट यांची मापे पुन्हा जुळवावी लागली.

ही कंपनी उभी करणारे एड्रियन शूटर हे जुन्या यंत्रांवर मनापासून प्रेम करणारे रेल्वे अधिकारी होते. दार्जिलिंगच्या डोंगरी रेल्वेचे एक मूळ वाफेचे इंजिन त्यांनी विकत घेतले होते आणि ऑक्सफर्डशरमधल्या आपल्या घराभोवती रूळ टाकून ते चालवले होते. त्याच दार्जिलिंग रेल्वेचे त्याच वर्गातले एक इंजिन आपल्या माथेरानच्या मार्गासाठी नेरळला आणले गेले, कारण दोन्हीकडे रुळांतले अंतर सारखेच दोन फूट आहे. माप जुळले तर हिमालयातले इंजिन सह्याद्रीतही चालते आणि इंग्लंडच्या बागेतही.

४ जानेवारी २०२१ पासून बेटाचा मार्ग बंद ठेवून काम सुरू झाले. नव्या गाड्यांच्या संगणक प्रणालीतल्या अडचणींमुळे उशीर झाला आणि १ नोव्हेंबर २०२१ रोजी वाहतूक पुन्हा सुरू झाली. ब्रेडिंगचा काढून टाकलेला जोडरूळ तीन दशकांनंतर पुन्हा टाकला गेला आणि दर अर्ध्या तासाला गाडी सोडणे शक्य झाले. व्हिव्हारेल कंपनी मात्र २०२२ च्या अखेरीस आर्थिक अडचणीत येऊन बंद पडली. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये शूटर यांचे निधन झाले.

बेटावरच जुन्याला जपणारी आणखी एक चळवळ उभी राहिली. वाफेची गाडी बंद होताच काही तरुणांनी पैसे गोळा करून कॅलबोर्न हे ओ-टू इंजिन आणि काही डबे विकत घेतले. १९७१ च्या जानेवारीत ते हेवनस्ट्रीट या जुन्या स्टेशनावर आले. शेतांत आणि किनाऱ्यांवर झोपड्या म्हणून वापरात असलेले व्हिक्टोरियाकालीन डब्यांचे सांगाडे शोधून स्वयंसेवकांनी ते पुन्हा चाकांवर उभे केले. १९९१ मध्ये स्मॉलब्रुकला विजेच्या मार्गाशी या वाफेच्या मार्गाची गाठ घातली गेली. बंद झालेल्या काउझ मार्गाचा एक तुकडा अशा रीतीने जिवंत झाला.

हिशेब

या साऱ्याचे मोल काय ठरवायचे? जुन्या डब्यांनी बेटाची रेल्वे वाचवली, यात शंका नाही. १९६६ मध्ये नव्या गाडीचा आग्रह धरला असता तर राइड–शँक्लिन मार्ग व्हेंटनरच्या वाटेने गेला असता. पण जुन्या डब्यांनी खरा खर्च पुढे ढकलला, हेही तितकेच खरे. पहिल्यांदा ४३ डबे, मग नऊ गाड्यांचे १८, आता १०. दर पिढीला ताफा आक्रसत गेला आणि रुळांची दुरुस्ती लांबणीवर पडत गेली. जुने वापरणे शहाणपणाचे असते, पण त्याच्याबरोबर रूळ, फलाट आणि वेळापत्रक यांवर पैसा घालावा लागतो. तो पैसा बेटाला २०२१ मध्ये मिळाला. तो तीस वर्षे आधी मिळायला हवा होता.

आता आपल्याकडे पाहू. एव्हरर्ड कॅल्थ्रॉप या अभियंत्याने १८९७ मध्ये सुरू केलेली बार्शी लाइट रेल्वे पुढे पंढरपूर, लातूर आणि १९२७ मध्ये मिरजेपर्यंत पोहोचली. ७६२ मिलिमीटरचे तिचे रूळ सुमारे ३२५ किलोमीटर पसरले होते. पंढरीचे वारकरी आणि माणदेशाच्या कडेची दुष्काळी गावे यांची ती हक्काची गाडी होती. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दहा-बारा वर्षांत तिचे टप्प्याटप्प्याने ब्रॉडगेज झाले. ते योग्यच झाले. आज मिरजेहून पंढरपूरला जाणारी गाडी देशाच्या कोणत्याही कोपऱ्याशी जोडली गेली आहे. मिरज–पंढरपूर पट्टा काही बेट नव्हे. त्याला बाजूच्या जगापासून वेगळे ठेवण्यात कोणाचेच हित नव्हते. पण रुळांचे माप बदलताच नॅरोगेजच्या डब्यांना आणि इंजिनांना जायला जागा उरली नाही. त्याच मापाचे मुरतिजापूर–यवतमाळ, पाचोरा–जामनेर आणि पुलगाव–आर्वी हे मार्गही एकेक करून थांबले. लंडनच्या जुन्या डब्यांना जसा बेटावर दुसरा मार्ग मिळाला, तसा आपल्या डब्यांना मिळालाच नाही.

हा प्रश्न भूतकाळाचा नाही. मुंबईची पहिली मेट्रो २०१४ मध्ये, पुण्याची २०२२ मध्ये आणि मुंबईची भुयारी मेट्रो २०२४ मध्ये सुरू झाली. या साऱ्यांचे रूळ १,४३५ मिलिमीटरचे आहेत, तर भारतीय रेल्वेचे १,६७६ मिलिमीटरचे. लंडनच्या भुयारातला डबा जसा एका बेटावरच्या मुख्य रेल्वेवर जाऊन धावला, तसा मुंबई–पुण्याच्या मेट्रोचा डबा उद्या सांगली–मिरजेच्या रुळांवर आहे तसा धावणार नाही. पंचवीस-तीस वर्षांनी हे शेकडो डबे म्हातारे होतील. त्यांचे सांगाडे तेव्हाही धड असतील. ते एका शहराच्या मेट्रोतून दुसऱ्या, लहान शहराच्या मेट्रोत नेता यावेत, त्यासाठी डब्यांची रुंदी, वीजपुरवठा आणि फलाटांची उंची राज्यभर सारखी ठेवावी, हा निर्णय आजच घ्यायला हवा. राइडचा बोगदा ज्यांनी १८८० मध्ये बांधला, त्यांनी घेतलेल्या मापाची फळे चार पिढ्यांनी भोगली. आपण आज जी मापे घेतो आहोत, ती आपल्या नातवंडांच्या वाट्याला येणार आहेत. ती विचारपूर्वक घ्यावीत, आणि कुर्डुवाडीच्या नॅरोगेजचा जो काही डबा, जे काही इंजिन कुठे उभे असेल, ते भंगारात जाऊ देऊ नये.